भंडारदऱ्याची एका दिवसाची फेरी: कोजागिरीनंतर, आई-वडील आणि मुलांसह

ठाणेकर_प्रवासी

नमस्कार. यंदा कोजागिरीनंतरच्या पहिल्या शनिवारी ठाण्याहून पहाटे निघून भंडारदरा परिसरात दिवस घालवावा आणि रात्री घरी परतावे, असा आमचा विचार आहे. रविवारी घरी कार्य असल्यामुळे मुक्काम करता येणार नाही. सोबत माझे आई-वडील, पत्नी आणि बारा व आठ वर्षांची दोन मुले असतील. वडील सत्तरीच्या पुढचे आहेत. सपाटीवर ते अर्धा तास सहज चालतात, परंतु गुडघ्यांमुळे पायऱ्या आणि उतार टाळतात. आईला चालण्याची अडचण नाही, मात्र वळणांच्या रस्त्यावर तिला गाडी लागते.

मी काढलेल्या टिपणात रंधा धबधबा, विल्सन धरण आणि त्याखालचा अंब्रेला धबधबा, रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर, साम्रदची सांदण दरी, घाटघरचा कोकणकडा आणि परतीच्या वाटेवर बारी गावातून कळसूबाईचे दर्शन एवढी ठिकाणे आली आहेत. हे सारे एका दिवसात बसेल का, आणि बसणार नसेल तर कशावर फुली मारावी, हा माझा मुख्य प्रश्न आहे. जलाशयाभोवतीचा रस्ता रतनवाडीच्या बाजूने धरावा की घाटघरच्या, याविषयी दोन परिचितांनी मला नेमके उलट सल्ले दिले आहेत. त्या दिवसांत डोंगर हिरवे असतात की गवत वाळायला लागलेले असते, धबधब्यांना पाणी असते का, फुले उरलेली असतात का, हेही जाणून घ्यायचे आहे. घाटघरच्या कड्याखालचे चोंढे गाव शहापूर तालुक्यात येते असे नकाशावर दिसते. तेव्हा घाटघरहूनच खाली उतरून थेट शहापूर गाठता येईल का, म्हणजे आलेल्या रस्त्याने परतावे लागणार नाही? मुलांनी काजवे पाहण्याचा हट्ट धरला आहे, त्याचेही काही होऊ शकेल का, ते कृपया कळवावे.

वाटसरू_नाशिक

आपण लिहिलेली ठिकाणे नकाशावर एकमेकांना खेटून दिसतात, कारण ती सगळी एकाच जलाशयाच्या काठाने आहेत. परंतु त्या काठाने जाणारा रस्ता पाण्याच्या प्रत्येक फाट्याला वळसा घालत जातो. पूर्ण फेरी ४५ ते ५० किलोमीटरची आहे, आणि पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांतून, अरुंद वळणांवर समोरच्या गाडीला वाट देत, कुठेही न थांबता गेलात तरी तिला दोन तास लागतात. ठाण्याहून शेंडीपर्यंत, म्हणजे धरणाजवळच्या मुख्य गावापर्यंत, यायला तीन तास आणि परतायला त्याहून थोडे अधिक धरा. कोजागिरीच्या सुमारास सूर्य सव्वासहाच्या आत मावळतो. हा हिशेब मांडला की पाहण्यासाठी आपल्या हाती पाच-साडेपाच तासच उरतात आणि तेवढ्यात दोन ठिकाणे नीट होतात, तीन घाईने होतात. सहा मात्र केवळ गाडीच्या काचेतून होतील.

माझ्या मते सर्वांत आधी सांदण दरीवर फुली मारावी. साम्रदला गाडी लावल्यावर दरीच्या तोंडापर्यंत जी पायवाट जाते ती उताराची आहे, आणि आत शिरल्यावर तर मोठमोठ्या धोंड्यांवरूनच चालावे लागते, त्यामुळे आपल्या वडिलांचा प्रश्नच येत नाही. मुलांना घेऊन आपण दोघे जाल असे म्हणावे, तर या दिवसांत आतल्या डोहांत कंबरभर पाणी असू शकते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर ढग जमून अचानक जोराचा पाऊस होतो, आणि दोन्ही बाजूंना दोनशे-तीनशे फुटांच्या भिंती असलेल्या, काही ठिकाणी हात पसरले तर दोन्हीकडे टेकतील अशा घळीत त्या वेळी असणे ही गोष्ट मुलांबरोबर करण्याची नव्हे. पावसाळ्यात ही दरी बंदच असते. ती खुली झाली आहे की नाही, हे गावातच कळते.

दुसरी फुली धबधब्यांवर मारावी. अंब्रेला धबधबा हा डोंगरातून येणारा ओढा नाही. धरणाच्या मोरीतून पाणी सोडले की ते खालच्या गोल खडकावरून चहूबाजूंना पसरत पडते, आणि मोरी बंद असली की तिथे फक्त ओला किंवा कोरडा खडक दिसतो. रंध्याचेही तसेच आहे. प्रवरा तिथे दीडशे फुटांहून अधिक खोल कोसळते हे खरे, परंतु किती पाणी कोसळेल हे वरच्या धरणातून किती सोडले आहे यावर ठरते, आणि परतीचा पाऊस चांगला झाला असेल तर शेतीसाठीच्या आवर्तनाची, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची, घाई कुणालाच नसते. त्या दिवशी शेंडीत चौकशी करावी; पाणी सुटले असेल तर अंब्रेला धबधबा धरणाच्या पायथ्याशी असल्यामुळे वाकडी वाट करावी लागत नाही. रंधा मात्र शेंडीहून राजूरच्या दिशेला सुमारे दहा किलोमीटरवर, म्हणजे आपल्या परतीच्या उलट दिशेला आहे.

घाटघरहून खाली मोटाररस्ता उतरत नाही. चोंढे घाट ही जुनी पायवाट आहे. वरच्या आणि खालच्या धरणांमुळे नकाशावर रस्ते एकमेकांना भिडल्यासारखे वाटतात, पण मध्ये कडा आहे. ही दोन धरणे घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्पाची आहेत: रात्री वीज शिल्लक असताना खालचे पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून २५० मेगावॉट वीज काढायची, अशी त्यांची रचना आहे. आपल्या मुलांना हे सांगून पाहावे. बारा वर्षांच्या मुलाला काजव्यांइतकेच यातही रस वाटू शकेल. काजवे मेच्या अखेरीस आणि जूनच्या आरंभी, पहिल्या पावसाच्या आगेमागे असतात. ऑक्टोबरमध्ये ते दिसणार नाहीत.

दिशेबद्दल माझे मत रतनवाडीच्या बाजूने आहे. सकाळी अमृतेश्वराचे मंदिर शांत असते आणि तिथे थंडावा असतो. तिथून साम्रदमार्गे दुपारी घाटघरला पोहोचावे, आणि उन्हे कलल्यावर उत्तर काठाने उडदावणे, पांजरे, मुरशेत करत परत यावे. त्या वेळी सूर्य पाठीशी असतो आणि कळसूबाईच्या रांगेवर समोरून प्रकाश पडलेला असतो. शिवाय जलाशय उजव्या हाताला राहतो, म्हणजे रीतसर प्रदक्षिणाही होते.

प्रवराकाठ

वाटसरू यांनी जे वगळायला सांगितले आहे त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु दिशेबाबत माझे मत उलट आहे. मी अकोले तालुक्यातलाच असल्यामुळे या दिवसांतली घाटघरची हवा जवळून पाहत आलो आहे.

घाटघर हे कोकणाच्या अगदी काठावरचे गाव. पाऊस इतका की आमच्याकडे त्याला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. पावसाळा सरल्यावरही सकाळी आठ-साडेआठपर्यंत दरी ढगाने काठोकाठ भरलेली असते आणि कड्यावर उभे राहून पायाखालचा दगडसुद्धा जेमतेम दिसतो. ऊन चढू लागले की ढग वर उचलला जातो. साधारण साडेनऊ-दहापासून बाराच्या आसपासपर्यंत खालची गावे, चोंढ्याचा जलाशय, बाजूचे अलंग, मदन आणि कुलंग हे गड, हे सारे धुऊन ठेवल्यासारखे स्पष्ट दिसते. त्यानंतर ऑक्टोबरचे ऊन हवा धुरकट करते, आणि मोसमी पाऊस पूर्णपणे परतलेला नसेल तर दोन-तीनच्या सुमारास पश्चिमेकडून किंवा वरूनच काळे ढग येतात. दुपारी दोनला घाटघरला पोहोचणारा पाहुणा एक तर धुरकट दरी पाहतो, नाही तर विजांच्या कडकडाटात उघड्या पठारावर उभा असतो. विजांच्या वेळी कड्याचा माथा ही थांबण्याची जागाच नाही. ज्या ठिकाणाला दिवसातले दोनच तास चांगले मिळतात त्याच्याभोवती बाकीचा दिवस बसवावा. मंदिर काही उठून जाणार नाही.

म्हणून शेंडीहून मुरशेत, पांजरे, उडदावणे या उत्तर काठाने आधी घाटघर गाठावे. ठाण्याहून पाचला निघालात तर शेंडीत सव्वाआठ-साडेआठला नाश्ता होईल आणि दहाच्या आगेमागे आपण कड्यावर असाल. गाडी उभी करण्याच्या जागेपासून कड्यापर्यंतचे अंतर थोडे आणि जवळजवळ सपाट आहे. आपल्या वडिलांना ते जमावे. मुलांना कठड्याच्या पुढे मुळीच जाऊ देऊ नये. पावसाने कडेची माती पोखरलेली असते आणि वर वाढलेल्या गवतामुळे जमीन कुठे संपते ते कळत नाही. साडेअकराला तिथून निघून साम्रदमार्गे रतनवाडीला जेवायच्या वेळेस पोहोचता येते. साम्रदला थांबलात तरी गाडीतूनच समोर रतनगड आणि आजोबागडाच्या बाजूचे डोंगर पाहावेत आणि पुढे निघावे.

जलाशय डाव्या हाताला राहिला म्हणून आपल्या आईंना रुखरुख वाटली तर त्यांना सांगावे की शंकराची प्रदक्षिणा नाही तरी अर्धीच घालतात, आणि तिथून तर पाय मागेच वळवायचे असतात.

रतनवाडीत अमृतेश्वरासाठी एक तास तरी ठेवावा. मंदिर रस्त्यापासून जवळ आहे आणि तिथे चढ नाही. शिखरावर लहान लहान शिखरांच्या ओळी चढत गेलेल्या आहेत आणि त्यांच्यामधून कोरीव पट्टे उभे वर जातात. ही भूमिज पद्धतीची बांधणी तालुक्यात इतक्या चांगल्या अवस्थेत दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल. मंदिर शिलाहारांच्या काळातले मानले जाते. ऐन पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी शिरते आणि पिंडी पाण्याखाली जाते. आपण याल तेव्हाही जमीन निसरडी असू शकते, म्हणून वडिलांनी गाभाऱ्यात उतरण्याचा आग्रह न धरता सभामंडपातूनच दर्शन घ्यावे. बाजूच्या पुष्करणीच्या भिंतींत देवकोष्ठे, म्हणजे कोनाडे, आहेत आणि त्यांत मूर्ती आहेत. पाणी नितळ असेल तर आतल्या पायऱ्या आणि वरचे कोष्ठ एकाच वेळी दिसतात. पुष्करणी काठावरूनच पाहावी.

जेवणाचे म्हणाल तर रतनवाडी आणि साम्रद या दोन्ही गावांत घरगुती जेवण मिळते. मात्र आधी कळवावे लागते. अचानक सहा माणसे दारात उभी राहिली की चूल पेटण्यापासून सुरुवात होते. सकाळी शेंडीत असतानाच निरोप द्यावा, कारण पुढे फोनला रेंज मिळेलच असे नाही. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठले, ठेचा आणि नव्या हंगामाआधीचा शेवटचा जुना तांदूळ, असे साधे जेवण असेल. हळवा, म्हणजे लवकर पिकणारा, भात दसऱ्याच्या सुमारास कापणीला येतो आणि उशिरा पिकणारा गरवा दिवाळीकडे, म्हणून आपण याल तेव्हा काही खाचरे पिवळी पडलेली, काही अजून हिरवी आणि काही ठिकाणी विळे चाललेले दिसतील. छायाचित्रासाठी बांधावरून खाचरात उतरू नये. ओंब्या भरलेले पीक पायाखाली आले की दाणे तिथेच गळतात, आणि या भागातल्या घरांचा वर्षाचा भात त्या चार-पाच खाचरांतच असतो. घरी न्यायला तांदूळ हवा असल्यास काळभाताची चौकशी करावी. हा आमच्याकडचा जुना वाण आहे. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री मिळाली, ती असे गावरान वाण आणि त्यांचे बी जपल्याबद्दलच.

रानफूल_पुणे

फुलांविषयीचा प्रश्न अनुत्तरित राहिला आहे, म्हणून लिहितो. आपण निवडलेली तारीख फुलांच्या मुख्य बहराच्या मानाने उशिराची आहे, हे आधीच सांगितलेले बरे. घाटघरच्या काठावरची आणि उतारांवरची सोनकी साधारणपणे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भरात असते. कोजागिरी लवकर आली असेल आणि पाऊस लांबला असेल तर तिचे पिवळे पट्टे सावलीच्या बाजूंना अजून मिळतील, अन्यथा सुकलेली बोंडेच अधिक दिसतील. तेरडा आणि कवला हे ओलाव्याचे सोबती असल्यामुळे तेही ओसरलेले असतील.

तरीही पिवळा रंग आपल्याला भरपूर मिळेल, फक्त तो रानफुलांचा नसून शेताचा असेल. भात खाचरात होतो. वरच्या उतरणीच्या, हलक्या जमिनीत इकडचे शेतकरी नाचणी, वरई आणि खुरासणी घेतात, आणि खुरासणी नेमकी याच दिवसांत फुलते. लांबून पाहिले तर ती सोनकीच वाटते, कारण दोन्ही एकाच कुळातल्या आणि दोन्हींची फुले सूर्यफुलाच्या घडणीची. जवळ गेल्यावर कळते की झाडे कमरेइतकी उंच आहेत आणि पेरलेली आहेत. मुरशेत ते उडदावणे या पट्ट्यात रस्त्याच्या वरच्या अंगाला अशा पिवळ्या पट्ट्या शोधाव्यात. मधमाश्यांची तिथे गर्दी असते, म्हणून मुलांना आत शिरू देऊ नये. शेताच्या कडेने आणि पडीक जागी कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे उभे असतील. सकाळच्या तिरप्या उन्हात ते फारच सुंदर दिसतात, आणि फोटोसाठी धावणाऱ्यांचे त्यांच्याकडे बहुधा लक्ष नसते.

कारवीविषयी आपण विचारले नाही, परंतु कुणी तरी आपल्याला ‘जांभळा डोंगर’ दाखवण्याचे आश्वासन देईलच. कारवी साधारण सात-आठ वर्षांतून एकदा एकगठ्ठा फुलते, बी धरते आणि मरते. मुंबईच्या बाजूच्या डोंगरांत तिचा मोठा बहर २०१६ आणि २०२४ साली आला होता. वेगवेगळ्या घाटांतली वर्षे वेगवेगळी असतात, आणि बहराचे वर्ष असले तरी तो कोजागिरीपर्यंत सहसा टिकत नाही. एरवीच्या वर्षी आपल्याला रस्त्याकडेला तिची खरबरीत पानांची हिरवी झुडपे दिसतील. गावात एखादी जुनी कुडाची भिंत उरलेली असेल तर तिच्या आत याच कारवीच्या काठ्या उभ्या असतात. मुलांना दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ दाखवता आल्या तर पाहावे.

डोंगर हिरवे असतील का, याचे उत्तर असे आहे की झाडी पूर्ण हिरवी असेल, कारण इथली पानगळ उन्हाळ्याच्या तोंडावर होते. कड्यांवरचे आणि माळावरचे गवत मात्र शेंड्यांकडून पिवळे पडू लागलेले असेल. मला स्वतःला सप्टेंबरच्या ओल्या, एकसारख्या हिरव्या रंगापेक्षा हे दिवस अधिक आवडतात. हवा स्वच्छ असते, जलाशय काठोकाठ भरलेला असतो आणि वाऱ्यावर गवत हलले की आख्खी उतरण रंग बदलते. सप्टेंबरला मत देणारे अनेक जण इथेच आहेत, त्यांनी रागावू नये.

ठाणेकर_प्रवासी

सर्वांचे मनापासून आभार. सांदण, रंधा आणि कळसूबाई ही तिन्ही ठिकाणे आता काढून टाकली आहेत आणि काजव्यांसाठी मुलांना जूनचे वचन द्यावे लागले आहे. प्रवराकाठ यांचे घाटघर आधी करण्याचे म्हणणे पटले. दोन शंका उरल्या आहेत. पाऊस परतला आहे की नाही हे आदल्या दिवशी कशावरून ओळखावे? आणि आईला गाडी लागू नये म्हणून जुन्या कसारा घाटाने यावे की समृद्धी महामार्गाने?

वाटसरू_नाशिक

दुपारच्या ढगांचा मुद्दा मी पुरेसा जमेस धरला नव्हता. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यासाठी मी अजूनही रतनवाडी आधी म्हणेन, पण पाऊस रेंगाळलेला असताना प्रवराकाठ यांची दिशा अधिक सुरक्षित आहे.

रस्त्याविषयी माझा सल्ला समृद्धीचा आहे. जून २०२५ मध्ये आमणे ते इगतपुरी हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून ठाणे-भिवंडीकडच्यांना कसाऱ्याची वळणे टाळता येतात. घाटाऐवजी बोगद्यातून आणि उंच पुलांवरून सरळ वर येता येते, त्यामुळे आईंना पुष्कळ आराम पडेल. पथकर लागतो आणि वेगाची मर्यादा पाळली जाते की नाही यावर कॅमेऱ्यांची नजर असते, हे ध्यानात ठेवावे. इगतपुरीला उतरल्यावर घोटी, आणि घोटीहून कोल्हारकडे जाणारा रस्ता धरून बारीवरून शेंडी. बारीच्या अलीकडे एक लहान घाट लागतो, त्याआधी पाच मिनिटे थांबून आईंना मोकळी हवा घेऊ द्यावी. खरी वळणे जलाशयाच्या काठाने आहेत, तेव्हा तिथे त्यांना पुढच्या आसनावर बसवावे आणि शेंडीतला नाश्ता बेताचा ठेवावा. कळसूबाई बारीतून जाता जाता दिसेलच. १६४६ मीटरचे ते शिखर महाराष्ट्रातले सर्वांत उंच असल्यामुळे थांबून पाहण्याजोगे आहे, आणि नवरात्र संपलेले असल्यामुळे यात्रेच्या गर्दीने रस्ता अडणार नाही.

इंधन घोटीतच पूर्ण भरावे, कारण फेरीच्या रस्त्यावर पंप नाही. स्वच्छतागृहाची सोयही शेंडीत करून घ्यावी; घाटघर ते रतनवाडी या टप्प्यात ज्येष्ठांना सोयीची जागा सापडणे अवघड जाते. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येत असल्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर गाडीची नोंद आणि शुल्क द्यावे लागते. सुटे पैसे जवळ ठेवावेत. रेंज नसली की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत.

प्रवराकाठ

पावसाबद्दल: भारतीय हवामान विभाग मोसमी पाऊस कोणत्या रेषेपर्यंत परतला ते रोज जाहीर करतो. मुंबई आणि नाशिकच्या बाजूने तो साधारणतः ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो. आदल्या दिवशी ती रेषा आपल्याला ओलांडून दक्षिणेकडे गेली असेल आणि नाशिक व अहिल्यानगर या दोन्ही जिल्ह्यांना विजांचा इशारा नसेल, तर निर्धास्त यावे. अकोले तालुका अहिल्यानगर जिल्ह्यात असला तरी घाटघरची हवा नाशिक आणि ठाणे जिल्ह्यांच्या जास्त जवळची आहे, म्हणून तिन्हींचा अंदाज पाहावा. त्या दिवशी ‘दामिनी’ हे विजांची सूचना देणारे ॲप सुरू ठेवावे, पण त्यालाही रेंज लागते. रेंज नसेल तिथे गावकऱ्यांना विचारावे. घाटघरच्या माणसाने आकाशाकडे पाहून ‘आता निघा’ म्हटले तर निघावे.

डोंगरदरी

मधेच विचारतो, क्षमस्व. हीच फेरी पुण्याहून एका दिवसात करता येईल का? आम्ही चौघे मित्र आहोत, सोबत ज्येष्ठ कुणी नाही.

रानफूल_पुणे

करता येते, पण करू नये, असे मी म्हणेन. आळेफाट्यावरून बोटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर असे यावे किंवा संगमनेर-अकोल्यावरून यावे, चाकण आणि मंचरच्या वाहतुकीसह एका बाजूला पाच तास जातात. मग घाटघरचे ते सकाळचे दोन तास गाठण्यासाठी मध्यरात्री निघावे लागेल आणि परतताना चालकाला झोप आवरावी लागेल. शेंडीत एक मुक्काम करण्याची तयारी असेल तर जरूर जावे. एकच दिवस असेल तर जुन्नरवरून नाणेघाट आणि तिथून माळशेज, एवढे करावे. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, घाटमाथ्याची तीच किनार आहे, आणि संध्याकाळी वेळेत पुण्यात परतता येते.

ठाणेकर_प्रवासी

अंदाज पाहूनच निघू; इशारा असेल तर आठवडाभर पुढे ढकलू. वेळापत्रक असे ठरले आहे: पाचला निघून समृद्धीने घोटी, शेंडीत हलका नाश्ता आणि रतनवाडीच्या जेवणाचा निरोप, दहाला घाटघर, एकला रतनवाडी, तीनला तिथून निघून मुतखेलमार्गे शेंडी, आणि पाणी सुटले असेल तर धरणाखाली अर्धा तास. साडेचारला परतीचा रस्ता धरू. यात कुठे ताण पडेल असे वाटते का?

प्रवराकाठ

रतनवाडी ते शेंडी हा टप्पा आपण धरला आहे त्यापेक्षा वीस मिनिटे अधिक घेईल, कारण शनिवारी दुपारी त्या रस्त्यावर समोरून मुक्कामाला येणाऱ्या गाड्यांची रांग लागते. तंबूवाले पाहुणे याच सुमारास येतात. अडीचला निघावे, म्हणजे घोटीचा रस्ता उजेडात मिळेल. बारीच्या घाटात अंधार पडल्यावर जनावरे रस्त्यावर बसलेली असतात. जेवणाचा निरोप देताना सहा माणसांपैकी दोन लहान आहेत हे सांगावे, आणि ठेचा वेगळा वाढायला सांगावा.